घरासाठीची ओळ

आरमोरीच्या बाजारात वांगी पाठवणाऱ्या देवाजीभाऊंनी वाडीच्या कोपऱ्यातली एक ओळ औषध न फवारता ठेवली होती. तोडणीला येणाऱ्या गुणाबाईला त्यांनी बजावलं होतं, "त्या ओळीचं टोपलं माह्या घरी जाईन. बाकी सारं बाजारात."

मागच्या महिन्यात गुणाबाईने फवारलेल्या ओळीतली चार वांगी मागून नेली आणि घरी रांधली. तिची लेक आचल तीन दिवस दवाखान्यात ओकत राहिली. वांग्यावरचं औषध पोटात गेलं, असं डॉक्टर म्हणाले. ती रडत वाडीवर आली, तेव्हा देवाजीभाऊंनी एवढंच विचारलं, "धुऊन काऊन नाई खाल्ले?"

गुणाबाईने डोळे पुसले, पदर खोचला आणि ती तोडणीला लागली. त्या दिवसापासून कोपऱ्यातली वांगी ती अंगणवाडीच्या पोरांना नेऊन देऊ लागली आणि देवाजीभाऊंच्या टोपल्यात बाजारासाठीची, फवारलेली भरू लागली.

पंधरा दिवसांनी मालकीणबाईंनी तिला ओसरीवर बोलावून घेतलं.

"गुणाबाई, आता कसे साजरे वांगे निवडून आणतेस वं! एकातही अळी निघत नाई. आमचे हे तर दोन्ही टाइम तेच मागतात."