कोरड्या टाकीतले तीन फ्लोट

तीन नंबरची टाकी सकाळीच उपसून, पुसून घेतली होती. फिटर आत उतरला तेव्हा तळ कोरडा ठणठणीत होता. मधल्या उभ्या दांडीवर तीन फ्लोट होते: एक गुडघ्याशी, एक छातीशी, एक डोक्याच्या वर. पाणी चढलं की फ्लोट उचलला जायचा, त्यातल्या चुंबकाने दांडीतला स्विच लागायचा आणि बाहेर पॅनलवर दिवा पेटायचा. आज एकेक फ्लोट हाताने उचलून पाहायचा, एवढंच काम होतं.

पॅनलपाशी त्याचे भावोजी उभे होते.

“खालचा लागला,” ते ओरडले.

“भावोजी, मी अजून हातसुद्धा लावला नाही.”

“मग दिवा काय माझं तोंड बघून लागला?”

फिटरने खाली पाहिलं. खालचा फ्लोट आपसूक वर सरकला होता आणि संथ डुलत होता. बूट कोरडेच होते.

“मधला लागला.”

छातीपाशीही तसंच डुलणं सुरू झालं. त्याने शिडीकडे हात नेला. हात जड झाला होता, फार सावकाश पोचला.

“अरे, वरचाही लागला! टाकी भरली म्हणतेय. ऐकतोयस ना?”

ऐकतोय, असं सांगायला त्याने तोंड उघडलं.

तोंडातून एक बुडबुडा निघाला आणि डुलत डुलत वर गेला.