कोणाला बोलावू?

'मी कोण?' हा प्रश्न श्रीधर साठ्यांच्या ओठांवरून आत्ता कुठे छातीत उतरत होता, तेवढ्यात फोन वाजला.

डोळे उघडण्याआधीच त्यांच्या तोंडून एक सौम्यशी शिवी निघाली. मग ते उठले, रिसीव्हर उचलला आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "कोणाला बोलावू?" फोन तिसऱ्या मजल्यावरच्या प्रियदर्शनीसाठी होता. "थांबा, बोलावतो," म्हणत त्यांनी रिसीव्हर क्रोशाच्या रुमालावर आडवा ठेवला, चपला पायात सरकवल्या, जिन्यात जाऊन वर हाक मारली आणि परत येऊन ध्यानाच्या पाटावर बसले.

कर्वेनगरच्या त्या सोसायटीत फोन एकच, आणि तो साठ्यांकडे. बाकीच्यांनी साठ्यांचाच नंबर लिहून पुढे 'पी. पी.', म्हणजे शेजाऱ्यांचा फोन, एवढी दोन अक्षरं टाकली की त्यांचं काम झालं. लग्नाचे निरोप, बाळंतपणं, गावाकडची आजारपणं, झाडून सगळं साठ्यांच्या बैठकीच्या खोलीतून जायचं. प्रियदर्शनी कॉम्प्युटर कंपनीत लागल्यापासून तर कहरच झाला. तिच्या अमेरिकेतल्या साहेबांना नेमकी साठ्यांच्या बसण्याचीच वेळ सापडायची.

साठ्यांना हे हसण्यावारी नेता येत नव्हतं. नोकरी झाली, मुलीचं लग्न झालं, घराचे हप्ते फिटले. बासष्ट वर्षं हे सगळं ज्याने केलं तो आहे तरी कोण, एवढं एकच आता जाणून घ्यायचं होतं. नाही कळलं तर सगळा जन्म फुकट, असं त्यांना मनापासून वाटायचं. म्हणून दर रविवारी ते डेक्कनवर आपल्या गुरूंकडे, बापूरावांकडे जात. बापूरावांची रीत सोपी होती. विचार आला की विचारायचं, 'कोणासाठी आलास?' आणि परत आपल्या जागी. साठे हे नेमाने करत. तरीही गेल्या रविवारी बापूराव तोंडावर म्हणाले, "साठे, प्रश्न छान पाठ झालाय तुमचा. उत्तर हवंय, असं मात्र काही दिसत नाही."

ते वाक्य साठ्यांना फार लागलं. पण त्यात आपला काय दोष? दोष अर्थातच फोनचा होता.

मग देशात वारं फिरलं. ज्या फोनसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे, तो मागितल्याबरोबर मिळू लागला. दिवाळीपर्यंत सोसायटीत घरोघर फोन आले. प्रियदर्शनी पेढे घेऊन आली. "काका, सुटलात तुम्ही!" साठ्यांनी आनंदाने दोन पेढे खाल्ले.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी घरात शांतता. साठे पाटावर बसले, 'मी कोण?' म्हणाले, आणि लगेच मनात आलं, आज पाणी लवकर गेलं. मग आलं, सोसायटीचा सेक्रेटरीच नालायक आहे. मग त्याला भर सभेत काय सुनवायचं याचं अख्खं भाषण तयार झालं. भाषणाला टाळ्याही पडल्या. आठवडाभर हेच चाललं. शेवटी एका सकाळी त्यांनी उठून रिसीव्हर कानाला लावून पाहिला.

"अगं, फोन बंद पडलाय का?"

"चालू आहे," स्वयंपाकघरातून कल्याणीबाई म्हणाल्या. "पण तुम्हाला कोण करणार?"

साठ्यांनी रिसीव्हर जागेवर ठेवला. कल्याणीबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "लोकांचे फोन यायचे तेव्हाच बरे होतात. कोणासाठी ते विचारायचात, हाक मारायचात, परत येऊन बसायचात. एकही फोन आपला समजून बोलत बसला नाहीत. आता विचार येतात, ते मात्र सगळे तुमचेच!"

एवढं बोलून त्या कुकर लावायला गेल्या. साठे खालमानेने पाटावर बसले. मनात सेक्रेटरी आला. 'कोणासाठी?' साठ्यांनी विचारलं. सेक्रेटरी जरा घुटमळला आणि गेला. पाणी आलं, तेही गेलं. मुलगी आली, तिच्यापाशी ते थोडे रेंगाळले, मग तीही गेली.

तेवढ्यात फोन वाजला. साठे उठले. "कोणाला बोलावू?"

पलीकडे कोणा बाईंचा अनोळखी आवाज होता. "बापूरावांची सून बोलतेय. आमच्याकडे आजच फोन आला. बाबांना बोलायचंय, श्रीधर साठ्यांना बोलावता का जरा?"

"थांबा, बोलावतो."

त्यांनी रिसीव्हर रुमालावर आडवा ठेवला, चपला पायात सरकवल्या आणि जिन्यात आले. हाक मारायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. त्यांनी वर पाहिलं, खाली पाहिलं. कोणत्या मजल्यावर राहतो हा साठे? प्रश्न हसण्यासारखा होता, पण त्यांना हसू येईना. पाठ केलेले शब्द कुठे गेले कोण जाणे. हा माणूस नेमका असतो कुठे, हे त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं, आणि ते कळल्याशिवाय पाऊल मागे घ्यावंसंही वाटत नव्हतं. कठड्यावर हात टेकून ते उभे राहिले.

बराच वेळ झाला तशी आत कल्याणीबाईंनी रिसीव्हर उचलला. पलीकडे आता बापूरावच होते.

"अहो बापूराव, काय सांगू! फोन यांचाच, आणि हे स्वतःलाच बोलवायला जिन्यात गेलेत. मारू का हाक?"

"छे छे," बापूराव घाईघाईने म्हणाले. "आज कुठे ते खरोखर शोधायला निघालेत. अजिबात हाक मारू नका."

कल्याणीबाईंनी रिसीव्हर हलकेच जागेवर ठेवला, आणि शिट्टी व्हायच्या आत गॅस बंद केला.