दुसऱ्या रांगेतलं शून्य गृहीतक

"आधी शून्य गृहीतक मांड," मारेनची रूममेट जोलीन पलंगावर ऐसपैस बसत म्हणाली. "मग काय ते उसासे टाक."

"मी कुठे उसासे टाकतेय?"

"मग मांड की!"

मारेनने पेन उचललं. संख्याशास्त्राची परीक्षा तोंडावर आली होती आणि सरावाला पुस्तकात मक्याच्या पिकाची भरपूर उदाहरणं होती. पण आयोवातल्या मुलीने मका जन्मभर पाहिलेला असतो. वर्गातल्या एव्हरेटला ती गेले दोनच महिने पाहत होती, त्यामुळे मका बाजूला राहिला.

शून्य गृहीतक म्हणजे 'विशेष काही नाही, सगळा योगायोग आहे' असं मुकाट्याने धरून चालायचं. मग पुरावा पाहायचा. निव्वळ योगायोगाने असा पुरावा मिळणं फारच अवघड वाटलं, तरच ते गृहीतक मोडीत काढायचं. मारेनने लिहिलं: एव्हरेट माझ्या शेजारी बसतो तो योगायोगाने.

पुरावा तिला तोंडपाठ होता. सोळा तासांपैकी चौदा तास तो दुसऱ्या रांगेत, तिच्याच शेजारी. उरलेल्या दोन वेळा तिथे आधीच दुसरं कोणी येऊन बसलं होतं आणि तो मागे गेला होता. एवढा मोठा वर्ग, मागे सगळ्या खुर्च्या ओस पडलेल्या, आणि हा मात्र तिथेच.

जोलीनने आकडेमोड केली आणि टाळी वाजवली. "तुझा योगायोग गेला बाराच्या भावात! उद्या जेवताना गाठ त्याला."

शुक्रवारी मेसमध्ये चिलीचं तिखट कालवण आणि दालचिनीचे रोल असतात, म्हणजे सगळे येतातच. एव्हरेट खिडकीशी एकटा बसला होता. मारेनने ताट त्याच्या समोर ठेवलं आणि घसा साफ केला.

"एक विचारू? तू रोज माझ्याच शेजारी का बसतोस?"

एव्हरेटचा घास तोंडातच राहिला. कान लालबुंद झाले.

"ते... माझा प्रकल्प आहे," तो ताटाकडे बघत म्हणाला. "पुढे बसलं की तासाअखेरच्या चाचणीत गुण वाढतात का, ते बघतोय. रोज सकाळी वर्गाच्या दारात नाणं उडवतो. छापा आला तर दुसरी रांग, काटा आला तर शेवटची. आपल्या मर्जीने बसलं तर प्रयोग बाद होतो ना."

"आणि माझ्याच शेजारी?"

"तिथली खुर्ची रिकामी असते."

"अस्सं," मारेन म्हणाली. "बरं झालं सांगितलंस. मी आपली उगाच..."

"उगाच काय?"

"काही नाही. तुझी बाही चिलीत बुडतेय."

खोलीवर आल्या आल्या तिने जोलीनला फैलावर घेतलं. "योगायोगच होता! साधासुधा नाही, रोज सकाळी नाण्याने काढलेला योगायोग!"

"गृहीतक खरं असूनही शंभरात पाच वेळा चाचणी ते मोडीत काढतेच," जोलीन ओशाळून म्हणाली. "त्या पाचांत आज तू सापडलीस."

"केवढा दिलासा!"

जोलीन हसली, मारेनही हसली. पण तिला खरंच वाईट वाटलं होतं, आणि त्याहून जास्त लाज वाटत होती. एका नाण्यासाठी तिने दोन महिने केस विंचरले होते.

सोमवारी प्रकल्प सादर करायचे होते. मारेन शेवटच्या रांगेत जाऊन बसली. प्रोफेसर लिंडक्विस्टबाईंचा नियम असा की जो सादर करील त्याला वर्गाने छळलंच पाहिजे. प्रश्न न विचारणाऱ्याचे गुण कापले जात.

एव्हरेट फळ्यापाशी उभा राहिला. पुढे बसून गुण वाढतात असं काही दिसलं नाही, हे त्याने प्रांजळपणे सांगितलं. मग फळ्यावर लिहिलं: छापा चौदा, काटा दोन.

मारेन त्या आकड्यांकडे बघत राहिली. मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. आता ह्याची बरोबर जिरवते.

"माझा एक प्रश्न आहे," ती मधाळ आवाजात म्हणाली. "हे नाणं धड आहे का?"

"का? धडच आहे."

ती तरातरा पुढे गेली आणि त्याच्या हातून खडू घेतला. "शून्य गृहीतक: नाणं धड आहे. धड नाण्याला सोळांत चौदा किंवा जास्त छापे पडायची शक्यता," तिने भराभर गणित मांडलं, "हजारात जेमतेम दोन. म्हणून गृहीतक मोडीत. सदोष नाण्यावर प्रयोग केलास तू, एव्हरेट. सगळा पाण्यात!"

वर्गात शिट्ट्या पडल्या. लिंडक्विस्टबाईंना तर आनंदाचं भरतं आलं. "नुसतं बोलायचं नाही, तपासायचं! नाणं काढ रे."

एव्हरेटने खिशातून नाणं काढलं. ते रांगेरांगेतून फिरलं, प्रत्येकाने ते उडवलं, बाईंनी फळ्यावर रेघा ओढल्या. सगळ्यात शेवटी ते मारेनकडे आलं. तिला काटा पडला. बाईंनी रेघा मोजल्या. छापे आणि काटे जवळजवळ निम्मेनिम्मे होते.

मारेनचा चेहरा उतरला.

"नाणं निर्दोष," बाईंनी निकाल दिला, आणि चष्म्यावरून एव्हरेटकडे पाहिलं. "मग महाराज, हे चौदा छापे आले कुठून?"

एव्हरेटचे कान पुन्हा लालबुंद झाले. त्याने बाईंकडे पाहिलं नाही, वर्गाकडेही नाही. खडू हातात धरून उभ्या असलेल्या मारेनकडे पाहिलं.

"काटा पडला," तो म्हणाला, "की मी पुन्हा उडवायचो."