बारावी मिसळ

"मिसळ म्हणायची ही? निव्वळ लाल पाणी!" वाटी पुढे करत बेलसरेकाका म्हणाले, "रस्सा घाला."

सांगलीभोवतालच्या अकरा टपऱ्या नापास करून काका मालनबाईंच्या टेम्पोशी आले होते. आपण नाक मुरडलं की तिथं गिऱ्हाईक फिरकत नाही, असा त्यांचा स्वतःचा समज होता.

मालनबाईंनी रस्सा घातला. दुसऱ्यांदा घातला. तिसऱ्यांदा वाटी आली, तेव्हा त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवलं.

"काका, रस्सा इथं फुकट हाय, पण आवडला त्यालाच. चांगला झालाय म्हणा, अख्खं पातेलं पुढ्यात ठेवते."

रांग हसली. काकांची जीभ केव्हाच फितूर झाली होती, पण प्रश्न अब्रूचा होता.

उरलेले दोन्ही पाव त्यांनी कोरडेच चावून गिळले आणि रांगेकडे वळून जाहीर केलं, "पावसुद्धा शिळा आहे."