चढ

पन्हाळ्याच्या चढावर दिनकरची स्कूटर दोघांना ओढत नसे. मग त्याची बायको शैला अर्ध्या वाटेत उतरून ती शिकवायची त्या शाळेतल्या सावंतसरांच्या मोटारसायकलवर पुढे जायची. वळणापलीकडून तिचं हसणं ऐकू आलं की दिनकर आतून जळायचा.

इंजिनची ताकद वाढावी म्हणून त्याने स्कूटरचा सिलिंडर बोअर करून मोठा पिस्टन बसवून घेतला. सोमवारी स्कूटर दोघांना घेऊन चढ सरसर चढली. सावंतसरांना मागे टाकताना त्याने मुद्दाम हॉर्न वाजवला.

शाळेच्या फाटकाशी शैला म्हणाली, "आता मला गाडी शिकवा. मी एकटीच येत जाईन."

"कशाला? मी सोडतो की."

"तुम्ही सोडायला येत नाही, माझ्यावर नजर ठेवायला येता."

दिनकरची मान खाली गेली. रविवारी त्याने किल्ली तिच्या हातात दिली आणि पहिल्यांदाच मागच्या सीटवर बसला.