पाचवी नोंद

डेटाबेसच्या क्लासचा पहिला गृहपाठ म्हणून धाकटीने घरच्यांचा तक्ता केला. प्रत्येकाला एक क्रमांक, आणि मुलांच्या नावापुढे त्यांच्या आईचा क्रमांक. आई, बाबा, दादा आणि ती, अशा चारच नोंदी तिने भरल्या. तक्त्यात पाच दिसत होत्या. पाचवीत नावच नव्हतं.

“दादा, माझ्या लॅपटॉपला हात लावलास?”

“मला काय दुसरे उद्योग नाहीत?”

त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार? तिने पाचवी नोंद काढायला घेतली, तर कॉम्प्युटर अडून बसला. म्हणे, दुसरी एक नोंद हिच्यावर अवलंबून आहे.

कुणाची, ते तिने शोधलं. दादापुढे आईचा क्रमांक एक होता. तिच्या स्वतःच्या नावापुढे पाच.

तिने पाचाचा एक केला. पुन्हा पाच झाला.

आई कधी मागे येऊन उभी राहिली, कळलंच नाही.

“राहू दे,” आई हळूच म्हणाली. “मीही पुष्कळदा खोडून पाहिलंय.”