फळीवरचा फिल्टर
नंदनवन वस्तीतल्या घरासमोर मनोहररावांनी गाडीतलं काळं तेल घमेल्यात उतरवलं. ऑइल ते नेहमी घरीच बदलत. फिल्टर तेवढा मुलगा धर्मेंद्र लकडगंजातल्या स्पेअर पार्टच्या दुकानातून आणून देई. दुकान त्यांनीच थाटलेलं, आता तो चालवायचा. आज पोरगा झोपला होता, म्हणून ते स्वतःच चावी उचलून गेले आणि फळीवरची चार खोकी पाहून चांगलासा फिल्टर घेऊन आले. ते त्याच्या रबराला बोटाने नवं तेल लावत असतानाच धर्मेंद्र ओरडत बाहेर आला. "बाबा, तो नोका लावू, इंजिन जाम होईन!" "काहून गा? आपल्याच दुकानातला हाय." "फळीवरचे सारे डुप्लिकेट हायेत. आपल्या गाडीसाठी ओरिजिनल वेगळे ठेवतो." मनोहररावांचं बोट रबरावरच थिजलं. "अन् गिऱ्हाइकांच्या ध्यानात येत नाही?" धर्मेंद्रने नजर चुकवली. "पाटीवर तुमचं नाव हाय ना, बाबा. कोण तपासून पाह्यते?"